हृदयाच्या एमआरआयमधलं 'नॉर्मल' कुणावरून ठरलंय?

मेधा_रावपुरा

नमस्कार. मी बडोद्यात एका एमआरआय सेंटरवर टेक्निशियन आहे, यंदा अकरा वर्षं होतील. गेला महिनाभर एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढते.

हृदयाच्या एमआरआयसाठी एक बाई आल्या होत्या. वय ३६, उंची १५० सेंमी, वजन ४५ किलो. पायातली जोडवी काही केल्या निघेनात. साबणाचं पाणी करून एकेक काढली, तेवढ्या वेळात त्यांनी मला तीनदा विचारलं, "ताई, माझं हार्ट लहान आहे का हो? इकोत तसं आलंय." स्कॅन नीट झाला. डाव्या खालच्या कप्प्यात, ज्याला आम्ही एलव्ही म्हणतो, पूर्ण भरल्यावर ८० मिली रक्त मावत होतं. पंपिंग, म्हणजे भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती बाहेर फेकलं जातं ते, ६३ टक्के. सॉफ्टवेअरनं ८० समोर लाल बाण काढला, खाली तोंड केलेला. मग उंची-वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ काढलं, ते आलं १.३७ चौरस मीटर. ८० ला त्यानं भागलं की ५८. बाण गेला! हृदय तेच, बाई त्याच, पाच मिनिटांत 'लहान'चं 'नॉर्मल' झालं.

तेव्हापासून मी या तक्त्यांच्या मागे लागले आहे. आमच्या डॉक्टरांनी वाचायला दिलं त्यातलं थोडं सांगते. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमधल्या गटानं २००६ साली १२० निरोगी माणसांवरून एक तक्ता दिला. २० ते ८० वयाच्या दर दशकात १० पुरुष, १० बायका. तो आजही जगभर वापरतात. २०१७ साली यूके बायोबँकमधून, म्हणजे ब्रिटनमधल्या लाखो लोकांची आरोग्याची माहिती गोळा करणाऱ्या प्रकल्पातून, आणखी एक आला, जवळपास ८०० माणसांचा, वय ४५ ते ७४, आणि त्यात घेतलेले सगळे गोरे युरोपीय वंशाचे. अमेरिकेत २००० साली सुरू झालेल्या 'मेसा' अभ्यासात गोरे, काळे, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे लोक होते. आपण नव्हतो.

आणि आपल्यात फरक आहे हे माहीत आहे. लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांचे इको तिथल्या गोऱ्या लोकांच्या इकोशी ताडून पाहिले, तर शरीराच्या मापानं भागल्यावरही आपल्या लोकांचा डावा कप्पा लहान निघाला.

आता आमच्या डॉक्टरांच्या मनात आहे की रविवारी मशीन रिकामं असतं तेव्हा इथल्याच निरोगी माणसांचे स्कॅन करावेत. एथिक्स कमिटीची परवानगी हाती आहे. माणसं गोळा करायचं काम माझ्याकडे आलंय. पण निरोगी म्हणायचं कुणाला? किती जण लागतील? आणि लोकांना काय सांगून बोलवायचं? इथे निरनिराळ्या क्षेत्रांतली माणसं आहेत, मोकळेपणानं लिहा.

वाडीकर_नाना

मेधाताई, चांगला विषय काढलात. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, तेव्हा माझ्या बाजूनं लिहितो.

नॉर्मल रेंज म्हणजे काय, ते आधी पाहू. निरोगी माणसं घ्यायची, मोजायची, आणि मधली ९५ टक्के जिथे बसतात तिथे दोन खुणा करायच्या. सरासरीच्या दोन्ही अंगांना १.९६ प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप). म्हणजे खुणा करतानाच आपण १०० पैकी ५ धडधाकट माणसांना हातानं बाहेर बसवलेलं असतं. हे लोक विसरतात. एका रिपोर्टात २० आकडे असले आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र धरले, तर निरोगी माणसाचे वीसच्या वीस आकडे आत येण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे ३६ टक्के. बाकीच्या ६४ टक्के निरोगी माणसांच्या कागदावर कुठे ना कुठे एक बाण असणारच. हृदयाचे आकडे एकमेकांशी बांधलेले असतात, म्हणून प्रत्यक्षात ते प्रमाण एवढं नसेल. पण एकट्या बाणावरून आजार ठरवता येत नाही, एवढं यातून पक्कं कळतं.

आता किती माणसं. प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत नवी रेंज बांधायला किमान १२० माणसं सांगितली आहेत, आणि तीही प्रत्येक गटात. पुरुष वेगळे, बायका वेगळ्या. १२० च्या २.५ टक्के म्हणजे ३ माणसं. खालची अख्खी सीमा त्या तिघांच्या आधारानं उभी राहते, याहून कमी असतील तर ती डगमगते. आकड्यात सांगतो. प्रमाण विचलन २० मिली असेल आणि गटात १० च माणसं असतील, तर काढलेली सीमा खऱ्या सीमेपासून २१ मिली इकडे किंवा तिकडे असू शकते. १२० असतील तर ६ मिली. लंडनच्या त्या गटानं प्रत्येक दशकाची वेगळी सीमा न काढता वयाबरोबर सरकणारी रेषा बसवली, सगळ्यांची माहिती एकत्र वापरली, म्हणून त्यांचं काम टिकलं. दहा-दहा माणसांचे सुटे डबे करून तेवढ्यावर भरवसा ठेवायचा नाही.

रविवारी किती स्कॅन होतील तुमच्याकडे? चार? मग २४० माणसांना ६० रविवार. दिवाळी, उत्तरायण, नवरात्र वजा करा, दीड वर्ष गेलं.

म्हणून त्याच नियमावलीतली दुसरी वाट सुचवतो. दुसऱ्याची तयार रेंज घ्यायची आणि आपल्याकडे ती चालते का ते तपासायचं. त्याला २० निरोगी माणसं पुरतात. वीसपैकी दोनपर्यंत बाहेर पडली तर रेंज वापरायला हरकत नाही. त्याहून जास्त पडली तर आणखी २० घ्या, आणि पुन्हा तेच झालं तर ती रेंज आपली नाही.

मेधा_रावपुरा

नाना, हे वाचून जीव भांड्यात पडला. वीस माणसं मी एकटी आणीन, आमच्या पोळातूनच, म्हणजे गल्लीतूनच, निघतील.

पण 'दुसऱ्याची रेंज घ्या' म्हणताना एक अडचण आहे, ती मोजणाऱ्यालाच दिसते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हृदयाचे आम्ही आडवे काप घेतो, जसे दुधीचे काप करतात तसे, झडपेपासून टोकापर्यंत दहा-बारा. एक काप ८ मिमी जाड, मध्ये २ मिमी फट, म्हणजे दर काप १ सेंमीचा हिशेब. माणसानं श्वास सोडून थांबायचं, दहा-बारा सेकंद. त्यात एका ठोक्याची फिल्म मिळते. मग कॉम्प्युटरवर बसून प्रत्येक कापात कप्प्याच्या आतल्या कडेवरून रेघ ओढायची. एकदा कप्पा पूर्ण भरलेला असताना, एकदा पूर्ण आकसलेला असताना. क्षेत्रफळ गुणिले १ सेंमी, सगळ्या कापांची बेरीज.

गोची सगळ्यात वरच्या कापात आहे. हृदय आकसतं तेव्हा झडपेची पातळी टोकाकडे सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर खाली येते. त्यामुळे भरलेल्या स्थितीत ज्या कापात एलव्ही होती, त्याच कापात आकसल्यावर वरचा कप्पा आलेला असतो. दिसायला दोन्ही गोल, दोन्हीत रक्त पांढरंशुभ्र. नवखा माणूस तिथेही रेघ ओढतो. समजा भरलेला कप्पा १२५ मिली आणि आकसलेला ५० मिली, तर पंपिंग ६० टक्के. त्या एका चुकीच्या गोलानं आकसलेल्या मापात १० मिली वाढले, ५० चे ६० झाले, की पंपिंग ५२. माणूस 'नॉर्मल'मधून 'थोडं कमी'त गेला, आणि त्याच्या हृदयाला यातलं काहीच माहीत नाही.

दुसरं, कप्प्याच्या आत स्नायूंचे खांब असतात, झडपेच्या दोऱ्या धरणारे. काही ठिकाणी ते रक्तातच मोजतात, रेघ सोपी येते. काही ठिकाणी कापून वेगळे काढतात आणि स्नायूंच्या वजनात धरतात. लंडनचा २००६ चा तक्ता खांब वेगळे काढून केलेला आहे. वरच्याच उदाहरणात खांब ८ मिलीचे धरा. १२५ चे ११७, ५० चे ४२, पंपिंग झालं ६४. म्हणजे खांब न काढता मोजायचं आणि खांब काढून केलेल्या तक्त्याशी ताडायचं, तर चार टक्के तिथेच पडले.

मी आमच्या जुन्या ३० स्कॅन्सवर, नावं झाकून, पुन्हा रेघा ओढायला बसले आहे. पहिल्या वेळी काय आलं होतं ते न बघता. माझाच हात माझ्याशी किती जुळतो ते आधी कळू दे. मग माणसं बोलावीन.

डॉक्टर_अल्कापुरी

मेधाबेन, हे ३० स्कॅनचं काम सगळ्यात आधी करताय, हे फार योग्य आहे. ते न करता माणसं गोळा केली असती तर सगळी मेहनत वाया गेली असती.

मी हृदयरोगाचा डॉक्टर आहे, रिपोर्ट वाचणारा. 'निरोगी कोण' यावर माझं मत लिहितो.

तरुणांचं सोपं आहे. छातीत दुखत नाही, बीपी १४०/९० च्या खाली, साखर ठीक, ईसीजी ठीक, सिगारेट-तंबाखू नाही, घरात कमी वयात हृदयविकार नाही. वजनाला मात्र परदेशातला २५ चा बीएमआय लावू नका. भारतीयांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा, असं आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ मध्येच ठरवलंय.

अवघड जातं साठीनंतर. आपल्या शहरात ७० वर्षांचा, बीपी नाही, साखर नाही, गोळी एकही नाही, असा माणूस शोधून दाखवा. सापडेल, पण तो त्याच्या वयाचा प्रतिनिधी राहणार नाही, निवडक असेल. त्याच्यावरून रेंज बांधली तर बाकीचे सगळे सत्तरीचे लोक 'अबनॉर्मल' ठरतील. उलट बीपीची एक गोळी घेणाऱ्यांना आत घेतलं तर बीपीनं जाड झालेला स्नायू 'वयाप्रमाणे नॉर्मल' म्हणून तक्त्यात शिरेल. मी पहिल्या बाजूचा आहे. रेंज निरोगी माणसांचीच असावी, आणि वाचणाऱ्या डॉक्टरनं समोरच्याचं वय लक्षात घ्यावं. पण दुसरी बाजू मांडणारेही विचारी लोक आहेत.

शिवाय स्वतःहून येणारे नेहमीच जरा जास्त निरोगी असतात. यूके बायोबँकनं ९२ लाख लोकांना पत्रं पाठवली आणि आले ५ लाख, म्हणजे ५.५ टक्के. आलेले लोक आजूबाजूच्यांपेक्षा कमी लठ्ठ, कमी सिगारेट ओढणारे निघाले.

आता त्या ४५ किलोच्या बाईंबद्दल. क्षेत्रफळानं भागणं बरोबरच होतं. सगळ्यात सोपं सूत्र, उंची गुणिले वजन, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ. पण हा भागाकार दुसऱ्या टोकाला फसवतो. १६५ सेंमीचा माणूस घ्या. ६० किलोला क्षेत्रफळ १.६६, ९० किलो झाला की २.०३. कप्पा १३० मिली असेल तर पहिल्या वेळी ७८ येईल, दुसऱ्या वेळी ६४. वाढलेलं वजन पोटाचं, आणि कागदावर हृदय लहान झालं! कप्पा खरोखर फुगलेला असला तरी अशा माणसात तो झाकला जातो. म्हणून मी लठ्ठ रुग्णात उंचीनं भागलेला आकडाही मागतो. तुमच्या तक्त्यात दोन्ही रकाने ठेवा.

मल्लखांब_दांडियाबाजार

मी २४ वर्षांचा आहे, जुम्मादादा व्यायाम मंदिरात लहानपणापासून मल्लखांब करतोय. आता सायकलिंगही, आठवड्याला दोनशे किलोमीटर होतात. माझ्याहून निरोगी कोण असेल? मी यायला तयार आहे.

डॉक्टर_अल्कापुरी

दादा, तुम्ही निरोगी आहात, पण या तक्त्यात तुम्हाला घेता येणार नाही. तासन्‌तास दम लागणारा व्यायाम वर्षानुवर्षं केला की चारही कप्पे मोठे होतात, नाडी मंद होते, आणि शांत पडलेलं असताना पंपिंग थोडं कमीही दिसू शकतं, कारण मोठ्या कप्प्याला गरजेपुरतं रक्त फेकायला पूर्ण आकसावंच लागत नाही. ही हृदयाची कमाई आहे. पण तुमच्यासारखे बरेच जण तक्त्यात आले तर वरची सीमा इतकी वर जाईल की ज्याचं हृदय आजारानं फुगलंय तोही त्यात बसेल.

खेळाडूंसाठी जगात वेगळे तक्ते केले आहेत. तुमचा एमआरआय कधी करायची वेळ आली तर टेक्निशियनला सायकलिंगचं आवर्जून सांगा. अशी मोठी हृदयं पाहून शंका आली तर आम्ही तीन महिने व्यायाम थांबवून पुन्हा बघतो. व्यायामाचं असेल तर कप्पा मागे येतो.

वैशाली_कारेलीबाग

मी वाचनमात्र असते, पण आज लिहिते.

माझ्या यजमानांचा चार वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात हृदयाचा एमआरआय झाला होता. कंपनीच्या तपासणीत ईसीजीवर काहीतरी दिसलं म्हणून. रिपोर्टात पंपिंग ५३, आणि पुढे लिहिलं होतं 'माइल्डली रिड्यूस्ड'. एवढंच. वय ४१, सिगारेट नाही, काही नाही. मी तो कागद पर्समध्ये ठेवून सहा महिने हिंडले. रात्री यांचा श्वास मोजत बसायचे. यांनी गरब्याला जाणं सोडलं, मुलाला खांद्यावर घेणं सोडलं. आमच्याकडे नवरात्रात घरी कुणी बसत नाही, त्या वर्षी आम्ही दार लावून बसलो होतो.

मग इथल्या डॉक्टरांनी जुनी सीडी मागवून पुन्हा मोजायला लावलं. ५९ आले. वरच्या कापाचं काहीतरी होतं असं म्हणाले, तेव्हा मला कळलं नव्हतं. आज मेधाताईंचं वाचून कळलं. मी ती पोस्ट यांना मोठ्यानं वाचून दाखवली.

ताई, तुम्ही नीट मोजा. ६० रविवार लागले तरी लागू देत.

मेधा_रावपुरा

वैशालीताई, तुमची पोस्ट मी सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी वाचली. दिवसभर प्रत्येक वरच्या कापावर थांबून फिल्म मागे-पुढे करून पाहिली, झडप कुठे आहे ते लांबीच्या चित्रावर ताडून. एका रुग्णामागे सात-आठ मिनिटं जास्त गेली. यापुढे तेवढी जाणारच.

माहेर_दांडियाबाजार_सासर_वारसिया

माझं सासर सिंधी. मुलगा १४ वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर, दर तीन आठवड्यांनी रक्त चढतं. आमच्या घरात एमआरआय हा वर्षाचा सण असल्यासारखा ठरलेला, तारीख कॅलेंडरवर असते. चढवलेल्या रक्तातलं लोह हृदयात साठतं, ते एमआरआयवर टी-टू-स्टार नावाच्या आकड्यानं कळतं; लोह जास्त तर आकडा कमी. त्याचा टी-टू-स्टार मागच्या वर्षी १४ होता, या वर्षी १९ झालाय. औषध नियमित घेतलं त्यानं, शाळेच्या सहलीतही. कागदावर लिहितात, 'नॉर्मल २० च्या वर'. आता तुमची चर्चा वाचून प्रश्न पडला. हा २० कुणावरून काढलाय? तोही गोऱ्या लोकांवरून असेल तर १९ म्हणजे काय समजायचं?

वाडीकर_नाना

ताई, हा २० वेगळ्या जातीचा आकडा आहे. मी वर सांगितली ती रीत निरोगी माणसांच्या मधल्या ९५ टक्क्यांची. २० तसा काढलेला नाही. निरोगी माणसांचा टी-टू-स्टार दीड टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनवर साधारण ३५-४० च्या आसपास असतो. २० ही खूण थॅलेसेमियाच्या रुग्णांवरून आली, २००१ साली लंडनमध्ये. त्यांनी पाहिलं की २० च्या वर पंपिंगला धक्का लागत नाही, आणि २० च्या खाली जसजसं जावं तसतसं ते घसरत जातं. नंतर हेही दिसलं की ज्यांचं हृदय खरोखर थकलं, त्यांतल्या बहुतेकांचा आकडा १० च्या खाली होता. म्हणजे ही खूण पुढे काय होतं ते बघून मारलेली आहे. अशा खुणेला माणसं कुठल्या देशातली होती यानं फार फरक पडत नाही, कारण तिथे लोह मोजलं जातंय आणि लोह सगळीकडे सारखंच. १४ चा १९ होणं म्हणजे लोह उतरतंय. मुलाला माझा आशीर्वाद.

डॉक्टर_अल्कापुरी

नानांनी बरोबर सांगितलं. मी एक जोडतो, कारण ते तुमच्या मुलाच्या कामाचं आहे. थॅलेसेमियात हिमोग्लोबिन कमी असतं, म्हणून हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त फेकतं. लोह साठलेलं नसलं तरी अशा रुग्णांचे कप्पे मोठे आणि पंपिंग निरोगी माणसांपेक्षा वरचं असतं. २००७ साली लंडनच्याच गटानं त्यांच्यासाठी वेगळा तक्ता काढला. याचा अर्थ असा की सर्वसाधारण तक्त्यात बसणारं पंपिंग तुमच्या मुलासाठी कमी असू शकतं. त्याचा आकडा त्याच्याच मागच्या वर्षांच्या आकड्यांशी ताडायचा, आणि त्याच मशीनवर. सगळे जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा आणि दरवेळी ती फाइल घेऊन जा.

माहेर_दांडियाबाजार_सासर_वारसिया

फाइल आहे, नऊ वर्षांची. उद्याच पंपिंगचे सगळे आकडे एका कागदावर उतरवते. हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आभार.

मेधा_रावपुरा

'त्याच मशीनवर' यावरून आठवलं. स्नायूचं टी-वन मोजायचं नवं सॉफ्टवेअर आमच्याकडे आलंय. स्नायूत तंतू वाढले, सूज आली, की हा आकडा वर जातो. पण तो चुंबकाच्या ताकदीवर फार बदलतो. निरोगी स्नायू दीड टेस्लाला साधारण ९५० ते १००० मिलिसेकंद दाखवतो, तीन टेस्लाला ११५० ते १२००. कंपनी बदलली, फिल्म घ्यायची रीत बदलली, नुसतं सॉफ्टवेअर नवं झालं तरी सरकतो. म्हणून २०१३ आणि २०१७ या दोन्ही वर्षी जगातल्या तज्ज्ञांनी मिळून लिहिलं की टी-वनसाठी प्रत्येक सेंटरनं आपली रेंज आपल्याच मशीनवर काढावी. इथे दुसऱ्याची रेंज आणून तपासायचा प्रश्नच येत नाही. तेव्हा नाना, टी-वनसाठी आपल्याला वीसवर थांबता येणार नाही.

अण्णा_कारेलीबाग

वय ७१. बीपी नाही, साखर नाही, गोळी नाही. रोज कमाटी बागेत चार फेऱ्या. डॉक्टरसाहेब 'शोधून दाखवा' म्हणाले म्हणून हात वर करतो.

पण काही प्रश्न आहेत. सुई टोचणार का? बंद नळीत किती वेळ? आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा. मी धडधाकट म्हणून आत गेलो आणि तुम्हाला काही दिसलं, तर मला सांगणार का? माझ्या मित्राला एका ठिकाणी असंच फुकट तपासणीला बोलावलं होतं. फुप्फुसात डाग दिसला, आणि त्याला दोन महिन्यांनी दुसऱ्याकडून कळलं.

मेधा_रावपुरा

अण्णा, एकेक सांगते.

सुई नाही. हृदयाच्या एमआरआयमध्ये रुग्णाला गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात, जखमेचे व्रण दिसावेत म्हणून. २०१४ साली जपानमधल्या डॉक्टरांनी दाखवलं की ते वारंवार घेतलेल्यांच्या मेंदूत त्याच्या खुणा राहतात. २०१७ मध्ये युरोपनं त्यातली जुन्या घडणीची बरीच औषधं थांबवली. आता वापरात असलेली जास्त सुरक्षित आहेत आणि रुग्णाला गरज असली तर द्यावीच लागतात. पण निरोगी माणसाला त्याच्या स्वतःच्या काहीच कामाचं नसताना ते द्यायचं नाही, असं आमच्या डॉक्टरांनी ठरवलंय, आणि मला ते पटतं. त्यामुळे काही मापं आपल्याला मिळणार नाहीत. चालेल.

नळीत ३५-४० मिनिटं. हृदयाच्या स्कॅनला डोकंही आतच राहतं, हे आधीच सांगते. कानात बोळे, वर हेडफोन, हातात रबरी फुगा. दाबला की मी लगेच बाहेर काढते, कारण विचारत नाही. श्वास सोडून थांबायचं चाळीस-पन्नास वेळा येतं. मी मराठीतच सांगेन, "श्वास घ्या, सोडा, थांबा." इतरांना गुजरातीत सांगते. रेकॉर्ड केलेली इंग्रजी सूचना मी बंदच करून टाकली आहे, म्हातारी माणसं नेमकी उलट करायची, श्वास आत धरून बसायची.

तिसऱ्या प्रश्नासाठी मी काल डॉक्टरांशी बोलले. संमतीपत्रात दोन ओळी वाढवतोय. एक, प्रत्येक स्कॅन रेडिओलॉजिस्ट त्याच आठवड्यात पूर्ण बघणार, नुसतं हृदय नाही, बाजूचं फुप्फुस आणि यकृतही. दोन, काही दिसलं तर कोण फोन करणार त्या डॉक्टरांचं नाव आणि नंबर आधीच लिहून देणार, आणि पुढच्या तपासणीचा रस्ता दाखवणार. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या तत्त्वांप्रमाणे कागद माणसाला समजेल त्या भाषेत हवा. गुजराती आणि हिंदी होते, मराठी नव्हता. मी लिहायला घेतलाय. त्यात 'तुमचा आकडा रेंजच्या बाहेर आला तर त्याचा अर्थ काय' हा परिच्छेद अडलाय. नाना, तुम्ही लिहून द्याल का? शंभरातल्या पाचांचं, तुम्ही इथे समजावलंत तसंच.

वाडीकर_नाना

लिहितो. आज रात्री सात-आठ ओळी पाठवतो, 'प्रमाण विचलन' हा शब्द न वापरता. तुमच्या ३० स्कॅनचं काय झालं?

मेधा_रावपुरा

२२ झाले. भरलेल्या कप्प्याचं माप छान जुळतंय, आकसलेल्याचं अजून मनासारखं नाही. जिथे फरक पडला ते सगळे वरच्या कापाचेच. राहिलेले आठ या आठवड्यात करते, मग पहिला रविवार.

अण्णा_कारेलीबाग

मग मला पहिल्या रविवारी धरा. सकाळी सातला येईन. अंगठी, घड्याळ, चाव्या घरी ठेवतो. जानवं चालेल ना?

मेधा_रावपुरा

जानवं चालेल अण्णा, सुती आहे. त्याला किल्ली बांधलेली असेल तर तेवढी सोडून या. आणि दात बसवलेले असतील तर मला आधी सांगा.